दूध कमी की मदत कमी?

बाळंतपणाचा तिसरा दिवस. बाळाला अंगावर पाजून खाली ठेवलं की ते पुन्हा रडतं. खोलीत चार माणसं आहेत आणि चौघांचं मत एकच आहे: "हिला दूध पुरत नाही." कुणीतरी खालच्या मेडिकलमधून पावडरचा डबा आणतं, बाळ बाटलीनं दूध पिऊन गाढ झोपतं आणि सगळ्यांची खात्री पटते.

इथंच एक कोडं आहे. बाळाला पुरेल इतकं दूध शरीराला बनवताच येत नाही, अशा स्त्रिया फार थोड्या असतात. जुळ्यांच्या आयाही बहुधा दोघांना पुरेल इतकं दूध तयार करू शकतात. बेताच्या खाण्यावर राहणाऱ्या बायकांच्या दुधाचं प्रमाणही सहसा फारसं घटत नाही. स्तनांच्या आकाराचाही संबंध नाही, कारण आकार ठरतो मुख्यतः चरबीवर आणि दूध बनतं ग्रंथींमध्ये. तरीही वरचं दूध सुरू करण्यामागे जगभर जी कारणं दिली जातात, त्यांत "दूध पुरत नाही" हे कारण अगदी वर असतं.

आपल्याकडचे आकडेही बोलके आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. म्हणजे जवळपास प्रत्येक बाळंतिणीच्या आसपास डॉक्टर किंवा सिस्टर होत्या. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं 41.8 टक्केच होती. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं होती 63.7 टक्के. शरीर तयार आहे, दवाखाना आहे, आईची इच्छाही आहे. मग घोडं अडतं कुठं? ते समजायला आधी दूध तयार कसं होतं ते पाहू.

चीक: थोडा, पण त्या दिवसापुरता पुरेसा

गरोदरपणाच्या मध्यावरच स्तनांमध्ये चीक तयार होऊ लागतो. घट्ट, पिवळसर असं हे पहिलं दूध. पहिल्या 24 तासांत बाळाला एका वेळी साधारण 2 ते 10 मिली चीक मिळतो, म्हणजे चहाचा अर्धा ते दोन चमचे. स्तन दाबून पाहिला तर दोन-चार थेंब दिसतात आणि घरचे धास्तावतात. पण त्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच मागतं.

या थेंबांत रोगप्रतिकारक प्रथिनं ठासून भरलेली असतात. ती बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर पसरतात आणि जंतूंना तिथं चिकटू देत नाहीत. चिकामुळे बाळाची पहिली काळी, चिकट शी लवकर बाहेर पडते आणि कावीळ वाढण्याचा धोका कमी होतो. म्हणून चीक पिळून टाकणं किंवा त्याआधी मध, गुळाचं पाणी चाटवणं हे बाळाचं नुकसान करणारं आहे. मधातून तर एका घातक जिवाणूचे बीजाणू पोटात जाऊ शकतात, त्यामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये.

पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. जन्मवजनाच्या 7 टक्क्यांपर्यंतची घट सर्रास दिसते. ती 10 टक्क्यांच्या आसपास गेली, तर डॉक्टरांनी लक्ष घालायला हवं. बहुतेक बाळं दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर परत येतात. हे कुणी आधी सांगितलेलं नसेल, तर काट्यावरचा दुसऱ्या दिवशीचा आकडा पाहूनच आईचं अवसान गळतं.

तिसऱ्या दिवशीच घोळ का होतो?

गरोदरपणात वारेतून प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक (हॉर्मोन) भरपूर प्रमाणात येत असतं. ते दुधाची निर्मिती रोखून धरतं. बाळामागोमाग वार बाहेर पडली की हे संप्रेरक झपाट्यानं खाली येतं आणि निर्मितीचा मार्ग मोकळा होतो. पण हा बदल तासाभरात होत नाही. त्याला दीड-दोन दिवस लागतात आणि छाती भरल्याचं आईला जाणवतं ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पहिलं बाळंतपण, सिझेरियन, मधुमेह किंवा बराच रक्तस्राव झाला असेल, तर आणखी थोडा उशीर लागू शकतो.

म्हणजे तिसरा दिवस हा सांध्याचा दिवस असतो. बाळाची भूक वाढलेली असते आणि दूध उतरायला नुकती सुरुवात होत असते. त्या रात्री बाळ दर तासाला छातीशी जाऊ मागतं, कारण त्याच्या चोखण्यातूनच पुढचा संदेश जायचा असतो.

बाळ चोखतं तेव्हा स्तनाग्राकडून आईच्या मेंदूला निरोप जातो आणि दोन संप्रेरकं रक्तात येतात. पहिलं प्रोलॅक्टिन: ते ग्रंथींना दूध बनवायला सांगतं. ते रात्री जास्त स्रवतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचं पाजणं टाळून चालत नाही. दुसरं ऑक्सिटोसिन: ते ग्रंथींभोवतीच्या बारीक स्नायूपेशी आवळतं आणि तयार दूध पुढं ढकलतं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. बाळाचा नुसता आवाज ऐकून, त्याचा वास आला तरी पान्हा फुटतो. उलट वेदना, संकोच आणि काळजी यांनी ऑक्सिटोसिन अडतं. दूध तयार असतं, पण बाहेर यायला वेळ लागतो. बाळंतिणीच्या उशाशी उभं राहून "येतंय का गं काही?" असं दर दहा मिनिटांनी विचारणारं माणूस नकळत पान्हाच अडवत असतं.

खानावळीचा हिशेब

सुरुवातीचे दिवस संप्रेरकांच्या जोरावर जातात. त्यानंतर मात्र दूध किती बनवायचं, हे मुख्यतः स्तनातच ठरू लागतं. एखादी खानावळ चालवणाऱ्या मावशी उद्याच्या भाताचा अंदाज कसा बांधतात? रात्री पातेलं चाटूनपुसून रिकामं झालं असेल, तर दुसऱ्या दिवशी दोन मापं जास्त टाकतात. निम्मा भात उरला असेल, तर तांदूळ कमी करतात. गिऱ्हाइकांना विचारायची गरज पडत नाही, उरलेलं पातेलंच सांगतं.

स्तनाचंही असंच आहे. दूध साठून राहिलं की त्यातलेच काही घटक आणि भरलेल्या ग्रंथींवरचा ताण मिळून निर्मिती मंदावतात. दूध बाहेर पडलं की ती पुन्हा वेग घेते. हा हिशेब दोन्ही बाजूंचा वेगवेगळा असतो. म्हणून बाळ एकाच बाजूला प्यायला लागलं, तर त्या बाजूचं दूध वाढतं आणि दुसऱ्या बाजूचं हळूहळू आटतं, जरी दोन्हीकडे जाणारं रक्त आणि त्यातली संप्रेरकं एकच असली तरी.

आता तिसऱ्या दिवसाची बाटली या हिशेबात बसवून पाहा. बाळ वरच्या दुधानं तीन-चार तास झोपलं, तेवढा वेळ पातेलं भरलेलंच राहिलं. मावशींनी उद्याचे तांदूळ कमी केले. उद्या दूध खरोखरच थोडं कमी झालं, बाळ पुन्हा रडलं, एका बाटलीच्या दोन झाल्या. पंधरा दिवसांत "दूध पुरत नाही" हे वाक्य खरं होऊन बसतं. सुरुवातीला ते खरं नव्हतं, आपण ते खरं करून घेतलं.

अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी यांचं स्थानही इथं स्पष्ट होतं. बाळंतिणीला पोटभर आणि चांगलं खायला मिळायलाच हवं, लाडूंनी तिची शक्ती भरून येते. पण बाळ नीट चोखत नसेल, तर कितीही लाडू खाल्ले तरी पातेलं रिकामं होत नाही.

सगळी मदार पकडीवर

पातेलं रिकामं करणारं एकमेव गिऱ्हाईक म्हणजे बाळ. ते दूध नीट ओढतंय का, हे ठरतं तोंडाच्या पकडीवरून. बाळानं फक्त स्तनाग्र तोंडात घेतलं, तर ते हिरड्यांत चिमटतं. आईला कळ येते, भेगा पडतात आणि दूध मात्र थोडंच येतं. बाळाच्या तोंडात स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाचा बराचसा हिस्सा जायला हवा, कारण दूध वाहून आणणाऱ्या नलिका त्याच्याच खाली असतात.

जवळून पाहायचं तर असं. आई पाठीला टेकून बसलेली, खांदे सैल. बाळ पूर्ण तिच्याकडे वळलेलं, पोटाला पोट लागलेलं, डोकं-मान-पाठ एका रेषेत. नाक स्तनाग्रासमोर. वरच्या ओठाला स्तनाग्राचा हलका स्पर्श केला की बाळ जांभई द्यावी तसा मोठा "आ" करतं. त्या क्षणी बाळाला स्तनाकडे आणायचं. आईनं बाळाकडे वाकायचं नाही. पकड नीट बसली की हनुवटी स्तनात रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, गाल फुगीर असतात आणि काळसर भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त, खालच्या बाजूला कमी दिसतो. आधी भरभर चोखणं, मग संथ आणि खोल ओढणं, मधूनच गिळल्याचा आवाज. गालांना खळ्या पडत असतील, चटचट आवाज येत असेल किंवा सुरुवातीचे काही क्षण सरल्यावरही दुखत असेल, तर बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून बोट घालून पकड सोडवायची आणि पुन्हा सुरुवात करायची.

सिझेरियन झालेल्या आईला कुशीवर झोपून किंवा बाळ बगलेखाली धरून पाजता येतं, टाक्यांवर भार येत नाही. पण सलाइन लावलेल्या हातानं, बधिर पायांनी हे तिला एकटीला जमत नाही. बाळ उचलून जागेवर आणून देणारे हात तिथं लागतात. पकड वाचून शिकण्यापेक्षा कुणी शेजारी बसून दाखवली, की दहा मिनिटांत जमते.

रडतं म्हणजे उपाशीच आहे का?

रडणं ही भुकेची शेवटची खूण असते. त्याआधी बाळ तोंड इकडंतिकडं फिरवतं, जीभ बाहेर काढतं, मुठी चोखतं. तेव्हाच अंगावर घेतलं तर पकड सहज बसते. आणि भूक नसतानाही बाळं रडतात: दुपटं ओलं झालं, पोटात वारा धरला, उकडतंय, कुणी जवळ घेत नाही.

चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजणं हे सामान्य आहे. तिसरा आठवडा, सहावा आठवडा, तिसरा महिना अशा वळणांवर बाळ एकदम जास्त मागू लागतं. संध्याकाळी तर सलग दोन-तीन तास छाती सोडत नाही. दूध आटल्याची ही खूण नाही. वाढीसाठी जास्त दूध लागणार म्हणून बाळ मागणी वाढवत असतं. दोन-तीन दिवस ती पुरवली की दूध वाढतं.

मग पुरेसं मिळतंय हे ओळखायचं कसं? पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू करतंय आणि वजन वाढतंय, या दोन खुणा पुरेशा आहेत. दुधातच सुमारे 87 टक्के पाणी असतं. त्यामुळे सहा महिन्यांपर्यंत वरून पाणी लागत नाही, मग तो विदर्भातला मे महिना का असेना. बाळगुटी, ग्राइप वॉटर, चमचाभर पाणी यांनी पोटातली जागा व्यापली जाते आणि जंतूंना वाट मिळते.

थोडक्यात: बाटली आणण्याआधी हे तपासा

• बाळाची पकड शेजारी बसून कुणी पाहिली आहे का?
• दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा पाजणं होतंय का?
• शू किती वेळा झाली आणि वजन किती, याची नोंद आहे का?
• बाळ आईजवळच आहे, की सारखं दुसऱ्या खोलीत जातंय?
• आईला वेदना, ताप, छातीत लाल आणि दुखरी गाठ आहे का? असेल तर डॉक्टरांना दाखवा. पाजणं सहसा थांबवावं लागत नाही.
• बाळ सुस्त आहे, पाजायला उठवलं तरी उठत नाही, शू कमी आहे किंवा पिवळेपणा वाढतोय? मग वाट न पाहता दवाखाना गाठा.

घरच्यांनी काय उचलायचं?

मराठी घरांत माहेरचं बाळंतपण आणि सव्वा महिन्याची विश्रांती ही मूळची चांगली सोय आहे. घरकाम सुटतं, ताटात गरम अन्न येतं, मालीश होते. पण आता अनेकींचा सव्वा महिना पाहुण्यांच्या सरबराईत जातो. बाळ या हातातून त्या हातात फिरतं आणि आई आतल्या खोलीत वाट पाहत बसते. तेवढ्या वेळात दोन पाजण्या चुकतात.

मदत करायची म्हणून बहुतेक जण बाळ घेतात. खरं तर बाळ आईकडे राहू द्यायचं आणि बाकीचं सगळं घ्यायचं. बाबानं ढेकर काढावी, दुपटी बदलावीत, रात्री बाळ उचलून आईच्या कुशीत द्यावं, तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवावा. पाहुण्यांना "पुढच्या महिन्यात या" हे सांगण्याचं काम त्याचंच. आजीच्या शब्दाला घरात वजन असतं. "माझ्या वेळी मी वरचं दिलं होतं, काय झालं?" या तिच्या एका वाक्यानं सुनेचा धीर सुटतो, तसंच "जमेल तुला, मी बसते इथं" या वाक्यानं तो टिकतो. म्हणून गरोदरपणातल्या तपासणीला एकदा तरी आजीला सोबत न्यावं. दूध कसं बनतं हे तिनंही डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं असलं, की घरात दोन मतं राहत नाहीत.

पहिल्या पंधरवड्यात बाळंतिणीला उगाच रडू येणं नेहमीचं आहे. ते पुढंही चालू राहिलं, झोप आणि भूक उडाली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे न्यावं. "आता आई झालीस, असं रडायचं नाही" हा त्यावरचा उपचार नव्हे.

मदतीनं किती फरक पडतो?

ढाका शहरात झालेला एक प्रयोग 2000 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीतल्याच आयांना 40 तासांचं प्रशिक्षण देऊन त्यांना बाळंतिणींच्या घरी पाठवलं. एकूण 15 भेटी ठरवल्या होत्या: दोन गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, तीन बाळंतपणानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, पुढं दर पंधरा दिवसांनी. पाचव्या महिन्यात निव्वळ अंगावर पाजणाऱ्या आया या गटात 70 टक्के होत्या. जिथं भेटी झाल्या नाहीत तिथं 6 टक्के. औषध नाही, यंत्र नाही. वेळेवर येणारी एक जाणकार बाई, एवढाच दोन गटांमधला फरक.

हरियाणातही अशाच एका अभ्यासात अंगणवाडी सेविका आणि गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत सल्ला देण्यात आला. तिसऱ्या महिन्यात सल्ला मिळालेल्या गावांत 79 टक्के आणि इतर गावांत 48 टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. 'कॉक्रेन' या संस्थेनं 2017 साली अशा 100 चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष हाच: प्रशिक्षित माणसाची, ठरलेल्या वेळी मिळणारी मदत असेल तर आया जास्त काळ पाजतात.

दवाखाना, कायदा आणि कामाची जागा

वरच्या दुधामागे बाजारही आहे. 1992 च्या कायद्यानं दूध पावडर आणि बाटल्यांची जाहिरात, आयांना मोफत नमुने वाटणं, डब्यावर बाळाचं चित्र छापणं यांवर बंदी घातली. 2003 साली तो आणखी कडक झाला. ऑगस्ट 2016 मध्ये केंद्र सरकारनं 'मा' हा स्तनपानाचा कार्यक्रम सुरू केला. प्रसूतीनंतर बाळाला लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवणं, तासाभरात पाजणं आणि दोघांना एकाच खोलीत ठेवणं, ही दवाखान्यांकडून मूळ अपेक्षा आहे. नाव घालायला जाल तेव्हाच "सिझेरियन झालं तर पहिल्या तासात बाळ आईजवळ देता का?" हे विचारून घ्यावं.

2017 च्या दुरुस्तीनं पगारी मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. पण घरकाम करणारी, शेतमजुरीला जाणारी, ऊसतोडीच्या फडावरची बाई या हिशेबात कुठंच येत नाही. तिला बाळ कामाच्या जागेजवळ ठेवता आलं आणि मुकादमानं मधल्या वेळी पंधरा मिनिटं दिली, तर तिचं दूध टिकेल. नोकरीवर परतणारीला हातानं किंवा पंपानं दूध काढून ठेवता येतं. ते थंड खोलीत साधारण 4 तास, फ्रीजमध्ये 24 तास चालतं आणि घरी वाटी-चमच्यानं देता येतं. मात्र त्यासाठी ऑफिसात दार लागणारी एक खोली हवी, स्वच्छतागृह नव्हे.

काही आयांना खरोखरच दूध कमी येतं: ग्रंथींची वाढ अपुरी असते, स्तनांवर शस्त्रक्रिया झालेली असते, थायरॉइडचा त्रास असतो किंवा बाळंतपणात अतोनात रक्त गेलेलं असतं. त्यांना वरचं दूध लागतं आणि ते देण्यात कमीपणा नाही. जेवढं अंगावरचं मिळेल तेवढंही बाळाच्या कामाचं असतं. फार लवकर जन्मलेल्या, अशक्त बाळांसाठी दुग्धपेढ्या आहेत. आशियातली पहिली दुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात उभी केली.

खरी कमतरता आणि वाटणारी कमतरता यांतला फरक कुणीतरी जाणकारानं शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. सरकारी योजनेत ती सोय आहे: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. तिनं बाळाचं वजन करावं आणि पाजणं डोळ्यांनी पाहावं, हे या भेटीतलं कामच आहे. शहरात आशाताई पोचत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांच्या पहिल्या भेटीत "एकदा पाजताना बघा" असं सांगा. आणि ती भेट पंधरा दिवसांवर ढकलू नका, पहिल्या आठवड्यातच घ्या. हिशेब बिघडतो तो त्याच आठवड्यात.